चिंचेखालची पायाळू बाई

मी बायकांना दुचाकी गाडी शिकवते. सिडकोतल्या एका मोकळ्या मैदानावर सकाळी माझा क्लास भरतो. "तुला नाय जमायचं" म्हणून नवऱ्यांनी हात टेकलेल्या बायका माझ्याकडं येतात आणि बघता बघता जालना रोडवर ट्रकवाल्याला हॉर्न मारत सुटतात. माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. असू दे की. हळू बोलल्यावर कुणी ब्रेक दाबल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

शेवटच्या दिवशी मी विजेचा धडा घेते. पावसात गाडी सावकाश चालवा, हे कुणीही सांगतं. मी सांगते, विजा व्हायला लागल्या की चालवायचीच नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर आणि मधल्या रस्त्यावरून तुम्ही गाडीवर ताठ बसून चाललेल्या. त्या शिवारात सगळ्यात उंच कोण? तुम्हीच. मग एखादी हमखास विचारते, "पण ताई, टायर रबराचे असतात ना?" तिथं माझं डोकं सटकतं. अगं बाई, जी वीज ढगातून निघून एवढं आभाळ फाडत खाली येते, ती तुझं दोन बोटं रबर बघून माघारी फिरणारे का? चारचाकीत माणूस वाचतो तो चारी बाजूंच्या पत्र्यामुळं, टायरमुळं नाही. आपल्या डोक्यावर पत्रा कुठाय? हेल्मेट पडल्यावर कामाचं, विजेला त्याचं काय! गाडी सोडायची, झाडाखाली मुळीच थांबायचं नाही, पक्कं घर दिसेल त्यात शिरायचं. घरमालक ओळखीचा नसला तरी शिरायचं. भांडण नंतर करता येतं.

एवढी अक्कल पाजळणारी मी स्वतः पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. आमच्याकडं पायाळू माणसाचे दोन लौकिक. एक, कुणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळूनं लाथ मारली की ती उतरते. दुसरा, पायाळूवर वीज पडते. पहिल्यासाठी माणसं बोलावणं धाडतात आणि दुसऱ्यासाठी ढग आले की हाकलतात. शाळेत गडगडायला लागलं की पोरी माझ्यापासून लांब सरकून बसायच्या. लग्न होऊन आले, तर पहिल्याच महिन्यात सासऱ्यांना उसण भरली. ज्या घरात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही अशी ताकीद होती, त्याच घरात सासूबाईंनी मला पुढं ढकललं आणि मी सासऱ्यांच्या कमरेत लाथ घातली. जरा जोरातच घातली. "आता मोकळं वाटतंय," म्हणाले बिचारे.

माझी पोर संस्कृती दहा वर्षांची आहे. तीही पोटात पायाकडूनच होती, पण डॉक्टरांनी सिझर केलं. मग सिझरची पोर पायाळू धरायची का नाही, यावर सासूबाई आणि त्यांच्या जावांची बारशापर्यंत खलबतं चालली. मी भर बारशात सांगून टाकलं, माझ्या पोरीला कुणी पायाळू म्हटलं तर त्याच्या घरी जाऊन लाथ घालीन, उसण असो नाहीतर नसो. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात बंद झाला. मीही तो कधी तोंडातून काढला नाही.

आता माझे सासरे, नानासाहेब. आम्ही त्यांना नाना म्हणतो, संस्कृती आबा म्हणते. मला गाडी शिकवली ती नानांनीच. माझा नवरा सुदर्शन "पडशील, पडशील" करत मागं पळायचा आणि नाना कट्ट्यावर बसून म्हणायचे, "पडंल नं उठंल. तू बाजूला हो." तेव्हा माझ्यासाठी हा माणूस लई मोठा आहे. पण ढग आले की हाच माणूस माझ्यापासून लांब पळतो. राग नाही त्यात, नुसती भीती. त्यांच्या चुलत्याच्या बैलगाडीत म्हणे एक पायाळू बसला होता आणि वीज पडून बैल मेला. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, आणि दर वेळी तिच्यात वेगळ्या रंगाचा बैल मरतो.

या भीतीचं मला हसू यायचं, पण एका गोष्टीची मला खरी काळजी होती. नानांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की रूपा, म्हणजे मी, लांब असली की आपल्याला धोका नाही. मग झाडाखाली उभं राहा, खांबाला टेका, काय वाटेल ते करा. वीज काय, ती रूपाला शोधणार! मी कितीदा समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. "असंल, असंल," म्हणायचे आणि पुढच्या पावसात पुन्हा झाडाखाली. या समजुतीपायी म्हातारा एक दिवस हकनाक जाणार, हे मला दिसत होतं.

तो दिवस परतीच्या पावसात आलाच. करमाडच्या पुढं आमचं थोडं शेत आहे. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला आम्ही दुपारी गेलो होतो. नाना त्यांच्या जुन्या गाडीवर, मी माझ्या गाडीवर, माझ्यामागं संस्कृती. काम उरकून निघालो तर जालन्याकडून आभाळ काळंनिळं होत आलेलं. नानांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो मागनं."

"नाना, सोबत चला," मी म्हटलं.

"व्हय व्हय, येतोच की," म्हणाले आणि उगाच गाडीची चेन तपासत बसले.

मोठा रस्ता अजून लांब होता. शिवारातल्या कच्च्या वाटेनं आम्ही फाट्यापर्यंत आलो आणि समोर लख्ख झालं. आवाज जरा उशिरानं आला, पण आला तो पोटात घुमत. संस्कृतीनं मला मागून घट्ट धरलं. दुसरी वीज झाली तेव्हा तिचा "आई गं" पुरा व्हायच्या आत गडगडलं. म्हणजे जवळ आली. आता गाडी चालवणं म्हणजे यमाला पत्ता देणं.

फाट्यावर एका बाजूला वस्तीचं समाजमंदिर होतं. भक्कम भिंती, वर स्लॅब, आत एकच मोठी खोली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, चांगल्या हाकेच्या अंतरावर, जुनी थोरली चिंच. मी गाडी रस्त्याकडेलाच टाकली, पोरीचा हात धरला आणि समाजमंदिरात शिरले. आत एक म्हातारी शेळी घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "मावशी, पोरीकडं लक्ष ठेवा." संस्कृतीला खोलीच्या मधोमध बसवलं. दार-खिडकीपासून लांब राहायचं, भिंतीला टेकायचं नाही, हे तिला पाठच आहे.

वळून बघते तर चिंचेखाली जत्रा. पाच-सहा गाड्या ओळीनं लावलेल्या आणि माणसं बुंध्याला चिकटलेली. त्यांच्यात पांढरी टोपी. मागनं येऊन थांबलेले माझे नाना!

मी ओट्यावरून घसा फोडून हाक मारली. नानांनी हात हलवला. "तू तिथंच थांब गं! इकडं येऊ नको!" आणि आरामात बुंध्याला टेकले. सून पक्क्या भिंतीआड, आपण चिंचेखाली, मधे रस्ता. त्यांच्या लेखी सगळं जागच्या जागी होतं.

मी पळतच निघाले. भीती वाटली का? वाटली तर. पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले होते आणि आभाळ डोक्यावर टेकल्यागत खाली आलं होतं. पण त्या झाडाखाली माझा माणूस होता.

"नाना, चला तिकडं. आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं. "आणि तुम्ही सगळेपण चला. झाडाखाली थांबू नका. वीज आधी उंच झाडावर येते आणि झाडावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. जमिनीतूनपण येते."

कुणी हलेना. कडुबा नावाचा एक दूधवाला होता, गाडीला दोन्ही अंगाला दुधाचे कॅन. तो म्हणाला, "ताई, आमच्या आजापासनं ही चिंच हाय. अजून एक फांदी जळाली नाय हिची."

"आजपर्यंत जळाली नाही म्हणून काय झालं! आज जळंल की!"

"मी तर गाडीवरच बसलोय," एक हेल्मेटवाला तरुण हसत म्हणाला. त्याची बायको शेजारी पदरानं डोकं झाकून उभी होती. "खाली टायर आहेत, काय होत नाही."

घ्या! माझ्या क्लासला न आलेला भेटला. दोन पोरं मोबाइलवर विजेचा व्हिडिओ काढत होती, ती एकमेकांना कोपरानं ढोसून हसली. बाई ओरडायला लागली की पुरुषांना करमणूक होते, हे मला नवं नाही. इकडं नाना रडकुंडीला आलेले. "रूपा, तू जा गं इथनं, तुझ्या पाया पडतो. तू का आलीस?" आणि बोलता बोलता ते माझ्यापासून मागं सरकत होते, म्हणजे बुंध्याला आणखी चिकटत होते.

तेवढ्यात अशी वीज झाली की सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक दिसले, आणि आवाज तिच्यासोबतच आला. आता समजावायला वेळ नव्हता. शहाणपणानं ऐकणारी ही माणसं नाहीत, मग ज्यानं ऐकतील ते सांगू. मी ओढणी कमरेला गच्च बांधली आणि त्यांच्या अगदी मधे जाऊन उभी राहिले.

"बरं बाबांनो," मी म्हटलं, "नाही ना हलायचं? मग मीपण थांबते इथंच, तुमच्याजवळ. फक्त एक सांगून ठेवते, नंतर म्हणू नका सांगितलं नाही. मी पायाळू आहे."

हसू जागच्या जागी थिजलं. कडुबानं माझ्या पायाकडं बघितलं, मग नानांकडं बघितलं. "ओ काका, खरं का हे?"

नानांनी शेवटी मान हलवली. "व्हय. खरं हाय. माझी सून हाय. पायाकडनं आलेली हाय."

अरे देवा, काय पळाली माणसं! कडुबा कॅन सोडून पळाला. हेल्मेटवाल्यानं टायरवरचा विश्वास तिथंच टाकला आणि बायकोच्याही पुढं पळाला. मोबाइलवाली पोरं शेतातल्या सशासारखी सुटली. नानांचे गुडघे धरलेत म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचं चाललं होतं. ते गुडघे कुठं गेले कुणास ठाऊक. एवढ्या वर्षांत माझ्या शब्दाला एवढा मान कुणी दिला नव्हता. त्या हेल्मेटवाल्याच्या बायकोची चप्पल चिखलात रुतली, तिला मी दंडाला धरून ओढलं आणि पुढं ढकललं. ती धडपडत समाजमंदिरात शिरली. मी ओट्यावर पाय ठेवला आणि माझ्या तोंडावर दार लागलं. आतून कडी सरकली.

क्षणभर मला कळेचना. मग कळलं. मी स्वतःच सांगितलं होतं ना मी कोण आहे ते! ज्या शब्दानं त्यांना झाडाखालून पळवलं, त्यानंच आता मला दारातून हाकललं.

"ओ! दार उघडा!" मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

आतून कडुबा ओरडला, "ताई, माफ करा, पर तुम्ही दुसरीकडं जावा! आत लेकरं-बाया हायेत!"

"अरे, त्यातलं एक लेकरू माझं आहे! तुमचा जीव वाचवला मी, गाढवांनो! पायाळू-बियाळू काही नसतं, दार उघडा!"

आता हे कोण ऐकणार? आत्ताच तर मीच शपथेवर सांगून बसले होते. आतून संस्कृती किंचाळत होती, "ती माझी आई आहे! सोडा, कडी सोडा!" तिचे छोटे हात दारावर आपटत होते. आणि त्या सगळ्या गलक्यात नानांचा आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकत होते. त्यांचा आवाज नव्हता.

मी कबूल करते, तिथं माझं अवसान गेलं. दूर कुठं पळणार? रस्त्याला गाडी, पलीकडं चिंच, बाकी उघडं रान. मी दाराशी पाय जुळवून उकिडवी बसले, डोकं खाली घातलं. विजेचं मला एवढं काही वाटलं नाही. नाना गप्प आहेत, हे लागलं. ज्यानं मला क्लच सोडायला शिकवलं तो माणूस दाराच्या आत आहे आणि गप्प आहे.

मग आतून धक्काबुक्कीचा आवाज आला.

"सरक," नाना म्हणाले.

"काका, येडे झाले का?" कडुबा म्हणाला. "तुम्हीच म्हणाले ना, ती पायाळू हाय!"

"म्हणालो. हायच ती पायाळू. सरक म्हणतो ना!"

"मग वीज आत यील ना तिच्यासंगं!"

"यील तर यील," नानांचा आवाज फाटला होता. "माझी सून हाय ती. सरक, नायतर तुझ्या कानाखाली काढीन."

कडी निघाली. नानांचा हात बाहेर आला, त्यानं माझं मनगट धरलं आणि मला शेळी ओढावी तसं आत ओढलं. दार लागलं. संस्कृती माझ्या कमरेला येऊन बिलगली.

आतली सगळी माणसं एका कोपऱ्यात जाऊन गोळा झाली. म्हातारी गेली, तिची शेळीपण गेली. खोलीच्या मधोमध आम्ही तिघंच राहिलो. नानांनी संस्कृतीचे हात माझ्या कमरेवरून हळूच सोडवले. "बाळा, तू तिकडं जा, त्या आजीजवळ. आबा हाय ना आईपाशी."

पोर माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली, तेव्हा गेली. नानांनी माझं मनगट काही सोडलं नाही. ते माझ्या अंगाला खेटून उभे राहिले. ढग आल्यावर माझ्यापासून लांब पळणारा माणूस, आणि आमच्या दोघांत बोटभरसुद्धा जागा नव्हती. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली.

"नाना," मी हळू म्हटलं, "काही होत नाही. खरंच सांगते. आपण आत आहोत."

"गप उभी राहा," ते म्हणाले.

आणि मग ती पडली. प्रकाश आणि आवाज एकच. खिडकीची तावदानं खळाखळा वाजली, जमीन हादरली, कोपऱ्यातून एकच किंकाळी उठली. नाना माझ्यापुढं आले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं. इतकं आवळलं की माझा श्वास कोंडला. शेळी ओरडत राहिली.

खिडकीतून दिसलं, चिंच वरपासून बुंध्यापर्यंत उभी चिरली होती. पावसातही तिच्यातून धूर निघत होता. खाली गाड्या आडव्या झालेल्या, आणि जिथं सगळे उभे होते तिथली साल सोलून निघालेली. कडुबानं ते बघितलं आणि मटकन खाली बसला. बाईमुळं वीज पडली म्हणावं का बाईमुळं आपण वाचलो म्हणावं, हे त्याला ठरवता येईना. तो एकदा झाडाकडं बघायचा, एकदा माझ्याकडं, आणि शेवटी त्यानं दोन्हीकडं बघून हात जोडले.

नानांनी अजून डोळे उघडले नव्हते.

"पडली का गं?" त्यांनी विचारलं.

"पडली. चिंचेवर पडली."

"आपल्यावर नाय?"

"नाही, नाना. आपण इथं आहोत. संस्कृती पण आहे. बघा."

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. स्वतःच्या हाताकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी धरून त्यांना खाली बसवलं. आणि मला इतका राग आला, इतका राग आला की रडू यायला लागलं. एवढ्या लोकांदेखत मी त्यांच्यावर ओरडले.

"एवढी भीती वाटत होती तर चिकटून कशाला उभे राहिलात? तिकडं कोपऱ्यात जायचं होतं ना सगळ्यांसोबत! मला आत घेतलं होतं, झालं होतं की काम! मग मला धरून कशाला उभे राहिलात?"

नानांनी टोपीनं तोंड पुसलं. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

"मला वाटलं, आता ही जाणार," ते म्हणाले. "मग म्हटलं, एकटीला कसं जाऊ द्यायचं?"